काठीच्या टोकावरची टोपी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या अख्ख्या झरी गावाला माहीत आहे. कोणाची म्हैस व्याली तरी ती बातमी माझ्या ओट्यावरूनच गावभर जाते. पण एक गोष्ट अकरा वर्षं या तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला नाही. देवापुढंही नुसती हात जोडून उभी राहिले आणि परत आले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? — कोणी नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

आधी आमचं घर कसं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. आम्ही सोयरिकी जमवायचो. धंदा नव्हे, नाद. मालक — म्हणजे माझा नवरा, आमच्याकडं बायका मालकच म्हणतात — बाहेर ओसरीवर पुरुषांशी बोलायचे, आणि आत चुलीपाशी मी बायकांशी. आणि खरी चौकशी कुठं होते? चुलीपाशीच. ओसरीवर शेत किती, नोकरी कुठं, एवढंच. पोरगी कशी, सासू कशी, त्या घरात काय झाकून ठेवलंय — ते आत. मी शाळा पाहिली नाही. लग्नपत्रिका चाळता चाळता अक्षरं लागली मला. एवढ्या पत्रिका यायच्या आमच्याकडं. “काकूनं हो म्हणलं का अक्षता टाका,” असं लोक म्हणायचे. त्या हो-ची मला लय मिजास होती. मिजासच. दुसरा शब्द नाही.

तर — चौकातलं.

चौदा वर्षं झाली. उन्हाचे दिवस. एका मुलाकडच्या मंडळींना भेटायला परभणीला निघालो होतो, उशीर झाला होता. मालक गाडी चालवत होते, मी मागं एका अंगाला बसलेली. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी ते स्वतः धुवायचे, तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. हेल्मेट काही नव्हतं. शहरात शिरताना चौकात ट्रॅफिकच्या पोलिसानं काठी आडवी केली.

इथून पुढचं मी शंभरदा सांगितलेलं आहे. त्यानं गाडीची चावी काढून खिशात टाकली. मग काठीचं टोक मालकांच्या टोपीखाली घातलं, आणि टोपी अशी अल्लाद वर उचलली. म्हणाला, “हे हेल्मेट हाय का रं म्हाताऱ्या?” चहाच्या गाड्यावरची माणसं हसली. टोपी काठीच्या टोकावर, आणि साठीच्या माणसाचं टक्कल उन्हात उघडं. ज्याला पाहून भरल्या मांडवातली माणसं उठून जागा द्यायची, तो माणूस! टोपी त्यानं डोक्यावर परत ठेवली नाही — पेट्रोलच्या टाकीवर टाकली. तासभर कडेला उभं केलं. मग पावती फाडली, चावी दिली.

हे सांगताना मी रडायचे. ऐकणाऱ्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या, “मुडदा बशिवला त्याचा” म्हणायच्या. मला गार वाटायचं.

आणि ह्यातला एकही शब्द खोटा नाही हो. फक्त सुरुवात — सुरुवात मी कोणाला सांगितली नाही. थांबा जरा, येते तिथं.

त्या पोलिसाचं तोंड मी पाठ करून ठेवलं. डाव्या भुवईला कापल्याची खूण, कानाशी पिकलेले चार केस. वर्षाचं लोणचं मुरवावं तसा राग मुरवला मी. वरचेवर झाकण काढून बघायचं, बुरशी तर नाही ना आली? नाही आली. भाकरी थापताना मनात त्याला मारायची. कशी ते सांगत नाही, तुम्ही घाबराल.

आणि मग एके दिवशी, तीनेक आठवडे झाले असतील, मालक परभणीहून आले ते हसतच. हातात नवं हेल्मेट. जेवायला बसले आणि म्हणाले, “आज मीच गाडी थांबवली बघ चौकातल्या त्या जमादारापाशी. कागदं दाखवली, हेल्मेट दाखवलं. म्हणलं, साहेब, त्या दिवशी घरच्यांची जबान सुटली, मनावर घेऊ नका. तर तो काय म्हणावा? म्हणे, काका, माझाबी हात चुकला, बापाच्या वयाचे तुमी. चहा पाजला त्यानं. आपल्या शेजारच्या बोरी गावचाच हाय की गं तो! लय चांगला माणूस निघाला.”

घरच्यांची जबान.

हो. ती सुरुवात. सांगते.

त्या दिवशी त्यानं काठी आडवी केली, तेव्हा तो पहिल्यांदा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, “काका, गाडी जरा बाजूला घ्या.” काका म्हणाला. घ्या म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मालक गाडी बाजूला घेत असताना मागून मी — मला उशीर झाला होता, मला त्या बैठकीत मिरवायचं होतं — मी म्हणाले, “कशाला थांबता? हात पसरून उभा राहिलाय रस्त्यावर. बापानं भीक मागायला शिकवलं का रं तुला?” मोठ्यानं. चहाच्या गाड्यावरची माणसं आधी तेव्हा हसली होती. त्याच्यावर. वर्दीवर. त्याचा चेहरा काळानिळा पडला. आणि मग काठी वर उठली. माझ्यावर नाही उठली. बाईमाणूस म्हणून तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझ्या तोंडाचा दंड मालकांच्या टोपीनं भरला.

परत येताना गाडीवर मालक एवढंच म्हणाले, “त्यानं आधी काका म्हणलं होतं.” बस. पुन्हा कधी बोलले नाहीत.

तुम्हाला वाटेल, हिला शरम वाटली असेल. नाही वाटली. राग आला. आणि तो त्या जेवणाच्या दिवशी दुप्पट झाला. तव्यावरची भाकरी करपली तरी मला वास आला नाही. माझ्या वतीनं माफी मागायला ह्यांना कोणी सांगितलं होतं? रस्त्यात ज्यानं टोपी उडवली त्याच्यासंगं चहा? मग माझं चुकलं, असंच झालं ना? दोघा पुरुषांनी चहाच्या गाड्यावर मिटवून टाकलं, आणि मी राहिले — ती जबान सुटलेली. पुढं तर रीतच झाली. चौकातून जाताना मालक गाडी हळू करायचे, तो काठी खाली घालायचा, दोघं एकमेकांना रामराम घालायचे. मी मागं बसून दुसरीकडं बघायची.

तीन वर्षं गेली.

एका संध्याकाळी मालक म्हणाले, “त्या जमादाराची थोरली पोरगी लग्नाची हाय. मास्तरीण व्हायचं शिकलीय. पाथरीचं ते चांगलं स्थळ — मी त्याह्यला सांगितलंय. गुरुवारी येतील तुला विचारायला. तू बघितलीच हायेस की पोरगी, बोरीच्या लग्नात.”

बघितली होती. पंगतीत वाढत होती. निवडलेल्या गव्हासारखी पोरगी. म्हातारी माणसं मागं राहिली तर त्यांना हाताला धरून पानावर बसवत होती. तिचं नाव मी इथं घेत नाही. तेवढं तरी तिचं तिच्याजवळ राहू द्या.

गुरुवारपर्यंत मला चार दिवस होते. चार दिवस! तोंडातून चुकून गेलं, असं मी म्हणू शकत नाही. मी विचार करत होते, शब्द निवडत होते. साडी निवडावी तसे — हा फिका, हा भडक. मला लय छान झोप लागायची त्या चार दिवसांत. खरंच सांगते.

गुरुवारी पाथरीची मंडळी आली. ओसरीवर मालकांचा आवाज ऐकू येत होता, “लाख मोलाची पोरगी हाय, डोळे झाकून करा.” आत मुलाची आत्या माझ्याजवळ पाट ओढून बसली. म्हणाली, “आक्का, बाहेरचं बाहेर. तुमी सांगा.”

मी पोरीबद्दल काहीच बोलले नाही. म्हणाले, “चहा घ्या, गार व्हायलाय.” म्हणाले, “बोरीला पाणी चांगलं हाय, घर ऐसपैस हाय.” सोयरीक विचारायला आलेल्या बाईला हे बरोबर कळतं. मुलीचं सोडून विहिरीचं कौतुक सुरू झालं की समजायचं. तिनं बशी खाली ठेवली. “आक्का, तुमाला लेकराची शपथ. काय असंल ते सांगा.”

एवढ्यावर थांबले असते तर? तरी पुरलं असतं. पण मला पुरलं नाही. मला काठीच्या टोकावरची टोपी दिसत होती. मी इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “फेफरं येतं म्हणत्यात. लाहानपणापासून. माझं नाव घेऊ नका.”

धादांत खोटं. कोणी म्हणत नव्हतं. मीच पहिली.

आत्यानं माझे हात धरले. “लय उपकार झाले,” म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझ्या तोंडात — काय सांगू — गूळ खाल्ल्यासारखं गोड झालं.

पाथरीहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मग दुसरं स्थळ आलं, तेही फिरलं. तिसरं तर बैठक ठरवून आलंच नाही. असल्या बोलण्याला पाय फुटतात, एसटी लागत नाही त्याला. मालकांना काही उमगेना. “चांगल्या पोरीला काय झालं?” म्हणायचे. शेवटी स्वतः बोरीला गेले, जमादारापुढं हात जोडले — म्हणाले, माझा शब्द कमी पडला. त्यानं ह्यांना जेवायला बसवलं. पोरीनं वाढलं. घरी आल्यावर मालक बराच वेळ टोपी मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, “काहीच न्हाई गं त्या पोरीत. काहीच न्हाई.” आणि माझ्याकडं बघितलं.

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी त्यानंतर एकही सोयरीक माझ्याकडं आत पाठवली नाही, एवढं मात्र खरं.

पोरीचं पुढं झालं लग्न. पाच वर्षांनी, लांब, बिजवराला दिली. मास्तरीण व्हायची राहिली.

मालक जाऊन आता दोन वर्षं झाली. तेराव्याला तो आला. रिटायर झालेला, केस सगळे पांढरे, भुवईची खूण तशीच. हेल्मेट हातात होतं, ते त्यानं चपलांपाशी बाहेर ठेवलं आणि आत आला. पाटावर मालकांचा फोटो, हार, फोटोपुढं त्यांची टोपी. लेकीनं इस्त्री केली होती, त्यांच्यासारखी काही जमली नव्हती. तो खाली बसला. मग म्हणाला, “मावशी, इतकी वर्षं चौकात उभा राहिलो. हजार माणसांनी शिव्या दिल्या, हजारांना मी दिल्या. परत येऊन माफी मागणारा ह्यो एकच माणूस. त्याच्यानंतर मी कुणाची चावी काढली न्हाई.”

मी पदर तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे.

मग त्यानं विचारलं. “थोरलीचं तुमाला माहीतच हाय. फेफरं येतं म्हणून कुणीतरी उठवलं. तुमाला तर घराघरातलं कळतं, मावशी. कोण बोललं आसंल वो?”

भरल्या घरात, नवऱ्याच्या फोटोपुढं, त्यानं मलाच विचारलं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “लोकायच्या जिभंला हाड न्हाई, दादा.”

त्यानं मान हलवली. उठला. हाराच्या वजनानं टोपी एका बाजूला कलली होती. त्यानं वाकून ती दोन्ही हातांनी उचलली, फुंकर मारून वरचा गुलाल उडवला आणि फोटोपुढं सरळ ठेवली. लय हळू.

तो वाकला होता, तेव्हाही मला आधी चौकातली ती काठीच दिसली. मी उठले आणि आत चुलीपाशी जाऊन बसले.