उचलू का?

"उचलू का?" असं विचारून खाला दोन्ही हात पुढं करून उभी राहायची. समोर कोण, तर नऊ-दहा महिन्यांचं बाळ! ते हात वर करीपर्यंत ही उचलणार नाही. रडत असलं तरी आधी विचारणार, मग थांबणार.

सिडकोतल्या पाळणाघरात मी खिचडी रांधते, ती मुलं सांभाळायची. लहानमोठे सगळे तिला खालाच म्हणत. मालकीणबाई कावायच्या, "अहो, पोर काय उत्तर देणार? उरका पटापट."

"देतं ना ताई. थोडं थांबाया लागतं."

मी एकदा चेष्टा केली, "खाला, अर्जच लिहून घे की त्यांच्याकडून!" ती हसली. मग म्हणाली, "माझी अम्मी लवकर गेली. वैजापुरात या चाचीकडून त्या मामीकडं, नुसतं उचलायचे अन् ठेवायचे. जाती का म्हणून कुणी इचारलं नाय गं."

परी आली तेव्हा उचललं की लाकडासारखी ताठ व्हायची. आई वाळूजला कंपनीत, त्याआधी घरी सांभाळायला रोज नवी शेजारीण. खालानं तीन आठवडे तिला विचारलं. एके दिवशी पोरीनं इवलेसे हात वर केले अन् खाला ओरडली, "बघा गं, व्हय म्हणली!" त्यानंतर परी हसायला लागली, हाका मारायला लागली.

आणि त्याच खालाला काढलं! का? तर कॅमेऱ्यात दिसलं, मूल रडतंय आणि बाई नुसती उभी. मालकीणबाईंनी मला विचारलं, "वेळ घालवते ना ही?" मी रोज सगळं बघत होते. पण नोकरीच्या भीतीनं मूग गिळून बसले. आग लागो माझ्या तोंडाला! खालानं एकदा माझ्याकडं पाहिलं, पिशवी घेतली आणि गेली.

नवी मुलगी चलाख आहे. मागून येते, काखेत हात घालते, डायपर बदलते, ठेवते. अर्ध्या तासात आठ पोरं! मालकीणबाई खूश. परी पुन्हा ताठ झालीय, ते कुणाला दिसत नाही का? की बघायचंच नाही?

काल ती रडत होती. मी डाव खाली ठेवला, हात पुढं केले. "उचलू का?" तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. स्वतःचे काही वर केले नाहीत.

"अहो, उचला की पटकन!" आतून मालकीणबाईंचा आवाज आला. वर कॅमेरा होता. म्हटलं, दिसू दे.

मी उभीच राहिले.