वरचा थर संत्र्यांचा

नाकेदारांच्या दारात आलेली प्रत्येक वस्तू आधी ठोकून पाहिली जायची. गॅसचे सिलिंडर, टरबूज, साखरपुड्याच्या मिठाईचा डबा, कुरियरवाल्याने आणलेले खोके. मधल्या बोटाचा सांधा ते वस्तूवर वाजवत, कान जरा तिरपा करत आणि मगच ती उंबऱ्याच्या आत जाई. जकात बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, नाक्यावरची चौकीही पाडली गेली होती. नाकेदारांचे बोट तेवढे निवृत्त झाले नव्हते.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. नोकरीभर ते शहराच्या वेशीवर उभे होते. नरखेडकडून येणारे संत्र्यांचे ट्रक थांबवायचे, चालकाजवळची बिल्टी, म्हणजे मालाची चिठ्ठी, वाचायची आणि आत तोच माल आहे का ते पाहायचे, हे त्यांचे काम. एकदा संत्री उपसल्यावर खाली शिलाई मशीनचे सुटे भाग निघाले. "वरचा थर संत्र्याचाच राहते," हे वाक्य त्यांना त्या ट्रकने दिले. पुढे नवा भाडेकरू, लग्नाचे स्थळ, मत मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना त्यांनी तेच माप लावले. तपासणीची त्यांची एक रीतही होती. चालकाच्या तोंडाकडे ते पाहत नसत. "तोंड खोटं बोलाले शिकते गा. हात नाही शिकत. हाताकडे पाहायचं."

आरोग्य विभागाचे लोक गल्लीत वरचेवर येत. कधी हात कसे धुवायचे ते दाखवायला, कधी कूलरमधले साचलेले पाणी ओतायला लावायला, कधी रक्तदाब मोजायला. नाकेदार ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकत. मग निकाल देत. हात धुण्याच्या कार्यक्रमानंतर ते म्हणाले होते, "फुकट शिकवून राहिले म्हणजे मागून साबणवाला येते. पाहून घ्या." साबणवाला आला नाही. तो सावध झाला असावा, असे नाकेदारांचे मत पडले.

गल्ली हसत असे, पण त्यांचे ऐकतही असे. त्याला कारण होते. एका वर्षी आरोग्याच्या पाहणीसाठी आलेल्या मुलींनी घरात खोल्या किती, दार कुठे उघडते, हेही विचारून घेतले होते. त्यानंतर काही महिन्यांनी रस्ता रुंद करण्यासाठी भिंतींवर लाल खुणा पडल्या. दोन्हींचा संबंध असल्याचे कधी सिद्ध झाले नाही. नसल्याचेही झाले नाही. खुणा अजून आहेत.

नाकेदारांच्या स्वतःच्या घरात मात्र एक गोष्ट होती, जिची तपासणी त्यांना जमली नव्हती. त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजून खांबासारखा झाला होता. हत्तीपाय. काकू साडी जमिनीला टेकेल अशी नेसत, दिवसा ओट्यावर येत नसत, भाजीवाल्याशी आतूनच बोलत. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीला होते आणि नात परी या दोघांजवळ वाढत होती. रोज रात्री परी आजीच्या शेजारी झोपे. या पोरीचाही पाय असा होणार का, एवढाच नाकेदारांचा प्रश्न होता. मच्छरदाणी ते स्वतः लावत आणि तिच्या चारही कडा हाताने चाचपून पाहत.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली तेव्हा आधी समाजभवनात माहितीचा कार्यक्रम झाला. शेजारणींनी आग्रह केला म्हणून काकूही गेल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. एका अधिकाऱ्याने सुजलेल्या पायाचे मोठे चित्र वर धरले. बायांच्या माना चित्राकडून काकूंकडे वळल्या. काकूंनी पाय आत ओढून घेतला. नाकेदार उभे राहिले आणि त्यांनी विचारले, या गोळीने असा झालेला पाय उतरतो का. अधिकारी घाईत होते. घ्या तर खरं काका, सगळं बरं होतं, असे म्हणून ते पुढच्या चित्राकडे वळले. नाकेदारांनी काकूंना हात दिला आणि घरी आणले. येताना ते एवढेच बोलले, "वरचा थर दाखवला."

त्या वर्षी गल्लीत गोळी कोणाच्या पोटात गेली नाही. कर्मचाऱ्यांच्या समोरच गिळायची, असा विभागाचा नियम. म्हणून लोक समोर तोंडात टाकत, गालात धरत, पाणी पीत, मान हलवत आणि कर्मचारी वळताच थुंकत. दुसऱ्या सकाळी नालीच्या कडेने पांढऱ्या गोळ्या पडलेल्या होत्या. लोकांनी घेतल्याचा अहवाल मात्र वर गेलेला होता.

पुढच्या वर्षी वैशाली आली. ही शेजारच्या वस्तीतली आशा कार्यकर्ती, अंगाने किरकोळ, आवाजाने मोठी. नाकेदारांनी तिला ओट्याखालीच थांबवले आणि तोच प्रश्न विचारला.

"नाही काकाजी," ती म्हणाली. "काकूचा पाय नाही उतरत गोळीनं. तो धुवायचा, कोरडा ठेवायचा, जखम होऊ द्यायची नाही. गोळी पायासाठी नाहीच."

"मंग कायसाठी?"

"परीसाठी. मच्छर एकाच्या रक्तातले जंतू दुसऱ्यात नेते. गल्लीतल्या सगळ्यांनी गोळी खाल्ली तं त्याले न्यायलेच काही राहत नाही. आणि आधीच सांगतो, काही जणांले ताप येते, मळमळ होते. एखाद दिवस राहते."

नाकेदार बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत राहिले. पोत्याचा तळ आपणहून दाखवणारा चालक त्यांना नोकरीत भेटला नसावा. तरीही सवय सुटली नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. पहिले तू घे."

वैशालीने सांगितले की वर्षात एकदाच घ्यायची असते, प्रत्येक दारात तिला खाता येणार नाही. पण त्या दिवशीची तिची स्वतःची गोळी अजून शिल्लक होती. ती तिने तिथे उभ्यानेच गिळली आणि न सांगता तोंड उघडून दाखवले. मग नाकेदारांनी घेतली, आत जाऊन काकूंना दिली, परीला दिली. समोरच्या घरांतून लोक पाहत होते. त्यांनीही घेतल्या.

यातून एक रीत पडली. मोहीम आली की वैशाली आपली गोळी नाकेदारांच्या ओट्यासाठी राखून ठेवी. जेवणे आटोपून गल्ली तिथे जमे, कारण उपाशी पोटी घ्यायची नसे. नाकेदार पाकिटावरची मुदत वाचत, डबा ठोकत, वैशाली गिळे, आणि ते हात वर करून जुन्या नाक्यावरचे शब्द उच्चारत, "तपासला. जाऊ द्या." मग सगळ्यांची पाळी. नालीत गोळ्या दिसेनाशा झाल्या. विभागाला या रीतीचा पत्ता नव्हता. एकदा वरिष्ठ बाई फोटो काढायला आल्या, तेव्हा नाकेदारांनी त्यांनाही विचारले की तुम्ही घेतली का. त्यांनी घरी घेईन म्हणून सांगितले. फोटोत नाकेदार दुसरीकडे पाहताना दिसतात.

असे काही वर्षे चालले. मग एका मोहिमेला वैशाली नेहमीसारखी आली, नेहमीसारखी मोठ्याने बोलली. घरात कोणी गरोदर नाही ना, दोन वर्षांखालचे बाळ नाही ना, फार आजारी कोणी नाही ना, हे तिने प्रत्येकाला विचारले, कारण त्यांना गोळी द्यायची नसते. मग तिने हात तोंडाशी नेला, वरून पाणी प्यायली, तोंड उघडले. तोंड रिकामे होते. लोक पुढे सरकले. मी समोरच्या जिन्यात उभा होतो. नाकेदार तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते, हे तिथूनही दिसत होते. ते पाहत होते तिच्या उजव्या मुठीकडे. मूठ मिटलेली होती.

त्यांचा "जाऊ द्या" म्हणणारा हात वर गेला नाही. गल्ली थांबली. पानठेलेवाला भीमराव मागून म्हणाला, "काय झालं काकाजी? माल अडकला का?" कोणी हसले, मग तेही थांबले. परी ओट्याच्या कडेला तळहातावर गोळी घेऊन उभी होती आणि आजोबांकडे पाहत होती. नाकेदार एक शब्द बोलले असते तर त्या वर्षी आणि कदाचित पुढच्या सगळ्या वर्षी गल्लीत गोळी चालली नसती. त्यांनी वैशालीला आत बोलावले आणि दार लोटून घेतले.

आत काय झाले ते पुढे काकूंनी सांगितले. नाकेदारांनी तिला फक्त हात उघडायला सांगितले. गोळी तिथे होती. वैशाली रडली नाही. तिने सांगितले की दिवस गेले आहेत, घरात सासूशिवाय कोणाला ठाऊक नाही. आधीचे एक पोटात राहिले नव्हते, म्हणून तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलायचे नाही, असे सासूने बजावले आहे. गोळी घेता येत नाही, आणि घेतली नाही तर गल्ली घेत नाही. घराघरात जी गोष्ट ती विचारत होती, ती तिला कोणी विचारली नव्हती. नाकेदार त्या गोळीकडेच पाहत होते. काकूंनी साडीच्या पदराने तिचा तळहात पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता कायले पाहून राहिले? जा ना बाहेर."

ते बाहेर आले. आपली गोळी त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी दोन बोटांत धरली, गिळली, मग परीच्या तोंडात तिची घातली आणि ती गिळेपर्यंत थांबले. हात वर गेला. "तपासला. जाऊ द्या."

गल्लीने गोळ्या घेतल्या.

पण पोट लपत नाही. काही महिन्यांनी वैशाली पोटावरून ओढणी सोडून गल्लीतून जाऊ लागली आणि बायांनी बोटांवर हिशेब मांडला. ठेल्यावर चर्चा सुरू झाली की तिने त्या दिवशी गोळी घेतलीच नव्हती, आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होते. भीमरावने नाकेदारांना थेट गाठले.

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून जाऊ दिलं? आयुष्यभर आमाले शिकवलं, वरचा थर पाहू नका म्हणून."

"माल चांगला होता गा," नाकेदार म्हणाले. "बिल्टी खोटी होती. बिल्टी काहून खोटी आहे तेही मी पाहून घेतलं."

उत्तर गल्लीला पटले नाही. नाकेदारांवर संशय घेतला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या मोहिमेला वैशाली बाळंतपणाच्या सुट्टीवर होती आणि नवी मुलगी आली होती. लोक ओट्यासमोर जमले, पण मागे मागे उभे राहिले. नाकेदारांनी नव्या मुलीला पहिले घे म्हणून सांगितले नाही. तिला काही विचारलेही नाही. त्यांनी स्वतःची गोळी घेतली. तेव्हा भीमराव पुढे आला.

"तोंड उघडा काकाजी. जीभ वर करा. हात दाखवा."

नाकेदारांनी तोंड उघडले, जीभ वर केली, दोन्ही तळहात पसरले. भीमरावने वाकून सगळे नीट पाहिले, बोटांच्या फटीसुद्धा. नाकेदारांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विद्यार्थी धड्यात पास झाल्यावर मास्तर जसा पाहतो, तसे ते पाहत होते. म्हणाले, "आता बरोबर तपासून राहिला."

त्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितले. वैशाली बाळाला घेऊन आली होती. काकूंनी बाळ मांडीवर घेतले, सुजलेल्या पायाच्या बाजूच्या मांडीवर, आणि पायावरची साडी सावरायचे त्यांच्या लक्षात आले नाही.

नंतरच्या मोहिमेला ओट्यावर नाकेदारांची खुर्ची होती, नाकेदार नव्हते. पहिले कोणी घ्यायची, यावर लोक एकमेकांकडे पाहत होते. वैशाली कामावर परतली होती. ती पुढे होणार, तेवढ्यात आतून काकू आल्या. भर दुपारी, भिंतीचा आधार घेत. त्या खुर्चीवर बसल्या, साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि डावा पाय सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवला. समाजभवनात त्या चित्राकडे बघणाऱ्या बाया तिथे होत्या. कोणी मान वळवली नाही. काकूंनी डब्यावर मधल्या बोटाचा सांधा वाजवला.

"पहिले मी घेतो," त्या म्हणाल्या. "भीमराव, ये गा. तोंड पाहून घे माझं."