पिठल्यात न बुडालेली काकडी

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

नातीचं आणि त्या मुलाचं आपापसांत ठरलेलंच होतं. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्या गंगापूर रोडच्या घरी यायचे होते. आदल्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. काही शिजवू नका, नुसत्या कच्च्या भाज्या कापून ठेवा, आम्हाला तेवढंच चालतं. सून म्हणाली, सुटलो. नातीने मोबाईलवर फोटो दाखवला: मोठ्या ताटात रंगीबेरंगी भाज्यांचे लांब तुकडे आणि मधोमध वाटीत डिप. हल्ली सगळे असंच ठेवतात म्हणे.

माझ्या डोक्यात सणक गेली. हे ‘हल्ली’ मी सात वर्षांची असताना पाहिलंय. पिंपळगावजवळ आमची वस्ती. शाळेचे गुरुजी सणाला घरी यायचे. आई त्यांना सुपात तांदूळ, डाळ, गूळ, चार वांगी असा शिधा द्यायची आणि गुरुजी अंगणात तीन दगड मांडून स्वतः शिजवून खायचे. आमच्या चुलीवरचं त्यांना चालत नव्हतं. आईच्या पुरणपोळ्या आत टोपलीत झाकलेल्या. वर आई गावभर सांगायची, गुरुजी आमच्याकडे जेवले. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा, गुरुजींचा आणि आईचाही.

सुनेने समजावलं, शुगर असेल, डाएट असेल. असेल बाई, म्हटलं. पण डिप मी करणार.

सकाळी गाजरं, बीट, मुळा, लाल-पिवळी सिमला मिरची, सगळं मीच कापलं. काकड्यांची टोकं कापून, त्यांनीच घासून कडूपणा काढला. ताट खरंच देखणं झालं, खोटं कशाला बोलू. आणि मधल्या वाटीत ठेवलं लसूण-मिरचीचं दाटसर पिठलं, आमच्या गॅसवर शिजवलेलं. नात हसली, आजीचं बेसन डिप म्हणाली. मी का केलं ते तिला सांगितलं नाही, ही माझी चूक धरा हवं तर.

पाहुणे आले. मुलाने गाजर बुडवलं, पुन्हा बुडवलं. त्याच्या वडिलांनीही मिटक्या मारत खाल्लं. त्याच्या आईने काकडीचा तुकडा उचलला आणि कोरडाच खाल्ला. मग मुळा, तोही कोरडाच. नात बिचारी वाटी पुढे सरकवत राहिली, काकू, घ्या ना. शेवटी मीच विचारलं, तिखट चालत नाही का?

त्या गोड हसल्या. “तसं नाही हो आजी. दुसऱ्यांच्या घरचं शिजवलेलं मी खात नाही. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे. गैरसमज नका करून घेऊ.”

गैरसमज कसला! मला तर फोनवरच समजलं होतं. यांचा मुलगा आमच्या नातीबरोबर दर रविवारी मिसळ हाणतो, ती कोणाच्या घरी शिजते?

नातीने वाटी खाली ठेवली. “काकू, मग मी शिजवलेलं चालेल का?”

“तू आमच्याकडे आलीस की आमचीच होशील ना,” त्या म्हणाल्या. “तोवर आमच्या रीतीची सवय होईल तुला.”

नात त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या बोटाला अजून पिठलं लागलेलं होतं. त्याने ते रुमालाला पुसलं आणि मोबाईल काढून बघत बसला. त्या बाईपेक्षा मला त्याचा राग जास्त आला, अजूनही येतो.

संध्याकाळी त्याचा फोन आला, आई जुन्या वळणाची आहे, समजून घे. नात माझ्याशेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आई जुनी आहे, पण तिथे तू पण बसला होतास.” आणि फोन ठेवला. तेव्हापासून त्याचा उचललेला नाही.

माझा मुलगा मला म्हणतो, पिठलं ठेवलं नसतं तर हे झालंच नसतं. झालं नसतं तर काय? पोर त्या घरात गेली असती आणि मी इथून डबा पाठवला असता, तो कुणी उघडला असता?

उरलेल्या भाज्या बारीक चिरून मी त्याच पिठल्यात टाकल्या आणि पुन्हा गॅसवर ठेवल्या. नात ओट्याजवळ उभ्यानेच भाकरीबरोबर जेवली. रडत होती, पण दोनदा मागून घेतलं.