आप्पांचा खड्डा आणि कोरडं बेअरिंग

"ग्रीस काल संध्याकाळी भरून आणलंय. कसलं ताजं दिसतंय बघ."

काळे सर यादवजींना हे हळूच म्हणाले होते. पण नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर थांबला आणि वाक्य सगळ्या वर्कशॉपला ऐकू गेलं. जुन्या टायरवर बसलेल्या आप्पांनाही गेलं. त्यांनी मान वर केली नाही. फक्त हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मी सणसवाडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये वॉरंटी इंजिनिअर आहे. टेम्पो, छोटे ट्रक अशा गाड्या आमच्याकडे येतात. मुदतीच्या आत एखादा पार्ट खराब झाला, तर तो का झाला ते शोधून कंपनीला कळवायचं, हे माझं काम. पार्ट सदोष असेल तर कंपनी नवा देते. मालकाने हयगय केली असेल तर देत नाही. काळे सर आमचे मॅनेजर. यादवजी हेड मेकॅनिक, मूळचे उत्तर प्रदेशचे. माझ्या कामात बघणं जास्त आणि बोलणं कमी असतं. मला ते सोयीचं आहे.

आप्पा वडगाव रासाईचे. त्यांच्या टेम्पोतून ते मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, वरवंड-दौंडकडच्या गोठ्यांवर पोचवतात. टेम्पो अजून वॉरंटीत होता आणि स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की वळणावर आप्पांना उभं राहून ओढावं लागायचं. यादवजींनी पुढचं उजवं चाक काढलं, किंगपिन खोलली.

किंगपिन म्हणजे एक जाड, उभी पिन. दार बिजागरीवर फिरतं तसं पुढचं चाक या पिनेवर डावी-उजवीकडे वळतं. पिनेच्या खालच्या अंगाला एक बेअरिंग असतं. गाडीचं त्या बाजूचं सगळं वजन त्याच्यावर येतं. या जागांना ग्रीस मिळावं म्हणून बाहेर छोटी टोकं असतात, त्यांना निपल म्हणतात. त्यावर ग्रीस गनची नळी बसवायची आणि दाबायचं. आतली बारीक गोळी मागे सरते आणि ग्रीस आत जातं. चेसिसखाली अशी बरीच टोकं असतात.

आप्पांच्या गाडीत वरच्या बुशमध्ये, म्हणजे पिन जिच्यात फिरते त्या नळीत, भरपूर ग्रीस होतं. खालचं बेअरिंग मात्र ठणठणीत कोरडं होतं. गंजलेलं. हातात घेतलं तर त्यातून तांबडा भुगा पडला.

म्हणून काळे सर ते वाक्य म्हणाले. त्यांचंही पूर्ण चुकत नव्हतं. वर्षभर गाडीकडे न बघता आदल्या दिवशी ग्रीस मारून आणणारे लोक आम्ही बघितलेत.

"साहेब," आप्पा टायरवरूनच म्हणाले, "दर आठवड्याला भरतो मी. ह्या हातानं."

"आप्पा, भरलं असतं तर बेअरिंग असं झालं असतं का?"

"ते मला न्हाई ठावं. ते तुम्ही सांगायचं. माझ्या घरी खड्डा हाय, ग्रीसिंगसाठी बांधल्याला. तुमच्या हितंबी न्हाई आसा."

"खड्डे काय, आमच्या नगर रोडलाही पुष्कळ आहेत," सर म्हणाले. दोन पोरं हसली. यादवजी हसले नाहीत.

आप्पा उठले. "पार्ट द्या न्हाईतर नगा देऊ. पण ग्रीस भरलं न्हाई आसं माझ्या नावावर नगा लावू. मी ज्या गोठ्यांवर चारा टाकतो ना, ते लोक वजन करून घेत न्हाईत. माझ्या शब्दावर घेत्यात."

सर केबिनमध्ये गेले. मी तिथेच उभी राहिले, कारण मला एक गोष्ट दिसत होती आणि ती बोलायची कशी ते कळत नव्हतं.

वरच्या बुशमधलं ग्रीस एका रंगाचं नव्हतं. कडेला काळं आणि घट्ट, मध्ये तपकिरी, आत पिवळं आणि ताजं. काल एकदाच भरलेलं ग्रीस असं थरांमध्ये नसतं. आणि खालच्या निपलचंही टोक चकाकत होतं. नळी पुन्हा पुन्हा बसली-निघाली की असं चकाकतं. म्हणजे हा माणूस खरंच ग्रीस भरत होता. मग ते खाली का गेलं नाही?

मला असे प्रश्न आवडतात. शाळेत हात वर न करता मनातल्या मनात उत्तर काढायची सवय होती, ती तशीच राहिली आहे.

मी आप्पांना एवढंच विचारलं, "खड्डा बघायला आले तर चालेल?"

आप्पांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "चालंल की. पण याल का?"

गुरुवारी आमची सुट्टी असते. माझं घर दौंडला, त्यामुळे स्कूटीवरून घरी जाताना वाट थोडी वाकडी केली की झालं. नदीकडेला उसाच्या मधून रस्ता आत जातो. आप्पांच्या दारात मुरघासाच्या पांढऱ्या गोण्यांची थप्पी होती आणि सगळीकडे त्याचा आंबूस वास.

आप्पांच्या पत्नी, काकू, गोठ्यातून बाहेर आल्या. "ही कोण? इन्शुरन्सची का?"

"वर्कशॉपच्या म्याडम हायत. ग्रीस तपासाया आल्यात," आप्पा म्हणाले.

"मग मला इचारा म्हणावं. ह्यांच्या हातात नुसती नळी आसती. पंप मी मारते."

खड्डा खरंच बघण्यासारखा होता. विटांनी बांधलेला, आतून प्लास्टर, उतरायला पायऱ्या. पाणी साचू नये म्हणून तळाला पाईप. भिंतीत एक कोनाडा, त्यात ग्रीसचा डबा, धूळ जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पहिल्या पायरीवर हळदी-कुंकवाचे जुने डाग. खंडेनवमीला गाडीबरोबर खड्ड्याचीही पूजा होते, असं काकूंनी सांगितलं. "आन् पंपाचीबी. त्याला हार घालताना मला लई हसू येतं."

ग्रीस पंप बादलीसारखा होता, लांब नळीचा. आप्पा खड्ड्यात नळी धरून, काकू वर दांड्यावर.

"हे खालनं वरडत्यात, मार, मार!" काकू म्हणाल्या. "सुरवातीला शेजारीण पळत आली हुती. तिला वाटलं आमच्यात जुंपली."

"अगं, म्याडम कामाला आल्यात."

"मग मी काय रिकामी हाय का?"

मी खड्ड्यात उतरले. गाडी नव्हती, ती आमच्याकडे उघडून पडली होती. वर नुसतं चौकोनी आकाश आणि दोन बाजूंना कोब्याच्या दोन पट्ट्या, ज्यांवर गाडीची चाकं येतात. पट्ट्यांवर टायरच्या खुणा होत्या. माझ्या खांद्याच्या उंचीवर.

मी त्या खुणांकडे बघत राहिले. काहीतरी वेगळं वाटत होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये मी रोज गाडीखाली उभी असते आणि तिथेही चाकं माझ्या डोक्याशी असतात. पण ती अशी कशावर टेकलेली मी कधी बघितली नव्हती. आमच्याकडे लिफ्ट आहे. लिफ्ट गाडीला चेसिसखाली धरून उचलते आणि चाकं लोंबकळतात.

"आप्पा, ग्रीस भरताना चाकं या पट्ट्यांवरच असतात?"

"मग? गाडी काय हवेत उडती?"

आमच्याकडे उडते, असं मी मनात म्हटलं.

मग मी खाली बसूनच विचार केला. चाक जमिनीवर असतं तेव्हा गाडीचं वजन त्या खालच्या बेअरिंगला दाबून धरतं. तिथली फट मिटते. आत ढकललेलं ग्रीस दाबलेल्या जागेत कशाला शिरेल? ते शेजारच्या मोकळ्या फटीतून बाहेर येतं. बाहेर आलेलं ग्रीस दिसलं की माणसाला वाटतं, पोटभर झालं. चाक अधांतरी असेल तर बेअरिंगवरचा भार जातो, फट उघडते आणि ग्रीस तिथेही पोचतं.

म्हणजे आप्पांनी जितकं मन लावून हा खड्डा बांधला, तितकं ते बेअरिंग उपाशी राहिलं. साध्या अंगणात ग्रीस भरणारा माणूस आडवं पडून आत हात जात नाही म्हणून निदान जॅक लावतो. आप्पांना खड्ड्यामुळे जॅक लावायची गरजच पडली नव्हती.

हे सांगायचं कसं, याचीच मला धास्ती होती. मी साध्या मराठीत शब्द जुळवत बसले. शेवटी काकूंनाच विचारलं, "गोठ्याचं फाटक कुरकुरलं तर काय करता?"

"पहारीनं जरा उचलायचं आन् त्याल सोडायचं. न्हाईतर त्याल आत जातंय का?"

"गाडीचंही तसंच आहे."

आप्पांनी खड्ड्याकडे बघितलं, मग काकूंकडे. "तुला ठावं हुतं, तर मला बोलली न्हाईस?"

"मला काय ठावं, तुमच्या गाडीला बिजागरी हाय? आन् बोलले आसते तर काय, गाडी पहारीनं उचलणार हुता?"

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजी चूक माझीच."

मला यावर काहीतरी बोलायचं होतं. काकूंनी बळेच ताक दिलं, ते पिऊन निघाले. दौंडपर्यंत हेल्मेटच्या आत मी ते न बोललेलं वाक्य दहा तऱ्हांनी म्हणून बघितलं.

पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. गाडीची डावी बाजू अजून उघडली नव्हती. शुक्रवारी सकाळी मी यादवजींना म्हटलं, "लेफ्ट साइड खोलने से पहले एक चीज़ देखें?"

"दिखाइए."

आप्पांना मी बोलावून घेतलं होतं. ते आले. काळे सरही केबिनमधून बाहेर आले, बहुधा माझा आवाज इतका कधी ऐकला नव्हता म्हणून.

आधी डावं चाक जमिनीवर असतानाच यादवजींनी खालच्या निपलला गन लावली. दोन-चार वेळा दाबलं. बेअरिंगच्या कडेला काहीच नाही. ग्रीस शेजारच्या फटीतून पिवळंधमक बाहेर आलं. कोणीही म्हणालं असतं, झालं काम.

मग गाडी लिफ्टवर घेतली. चाक लोंबकळायला लागलं. तेच निपल, तीच गन. यादवजींनी दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग बेअरिंगच्या कडेने तांबडं पाणी झिरपलं. मागून गंजाचा चिखल. आणि बऱ्याच वेळाने, त्या चिखलाच्या मागून, स्वच्छ ग्रीस.

यादवजी गन खाली करून म्हणाले, "तीस साल से ग्रीस मार रहा हूँ. लिफ्ट पे अपने आप हो जाता है न, कभी सोचा ही नहीं."

आप्पा लिफ्टखाली येऊन उभे राहिले. बोटाने तो तांबडा चिखल पुसला, बोटाकडे बघितलं आणि पँटला पुसलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. कंपनीने दोन्ही बाजूंचे पार्ट दिले, पण वॉरंटीत नाही, सद्भावना म्हणून. कंपन्यांना आपलं चुकलं असं म्हणायचं नसलं की त्या हा शब्द वापरतात. आप्पांनी खड्डा बुजवला नाही. कोब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये, पुढच्या अॅक्सलखाली, जॅक बसेल असा एक मजबूत लोखंडी आडवा बार टाकला. आता काकू पंप मारायच्या आधी "उचललं का?" असं वरून विचारतात, असं आप्पा म्हणतात. आणि आमच्याकडे नवी गाडी घेणाऱ्याला ग्रीसची टोकं दाखवताना आता गाडी जमिनीवर ठेवतात आणि विचारतात, घरी कुठे भरणार? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एक जण नदीच्या उतारावर भरतो. एक जण देवळाच्या ओट्याला चाक टेकवून.

मी त्यातून एवढंच शिकले, की माणसाचं काम तपासताना त्याची जागाही तपासावी. आपल्या वर्कशॉपमध्ये आपोआप होणारी गोष्ट दुसऱ्याच्या अंगणात आपोआप होत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी गाडी लिफ्टवर होती आणि काळे सर त्या चिखलाकडे बघून विचार करत होते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले, "म्हणजे ग्रीस भरायची पद्धत चुकली. शेवटी कस्टमरचीच चूक. कंपनीला तसंच कळवू. कस्टमर नेग्लिजन्स."

"नेग्लिजन्स म्हंजी?" आप्पांनी विचारलं. त्यांनी सरांना नाही, मला विचारलं.

हयगय, असं मला सांगावं लागलं असतं. ज्याने डब्याच्या झाकणावर पिशवी बांधली होती, त्या माणसाला.

यादवजींनी कॉम्प्रेसर चालू करायला हात पुढे केला होता. तो चालू झाला असता तर कोणाचंच काही ऐकू आलं नसतं आणि मी सुटले असते. मी त्यांना हाताने थांबवलं. माझा हात ग्रीसने भरलेला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"सर," मी म्हणाले, "आप्पांनी ग्रीस भरलंय. दर आठवड्याला भरलंय. चाक उचलायचं असतं हे त्यांना आपण सांगितलं नाही, कारण ते आपल्यालाच माहीत नव्हतं. तेच कळवा."