पंजा मी हरले

कॉमिक्समधला सगळ्यात ताकदवान हीरो कोण, या वादात आमच्या मुलुंडच्या घरी ताटातली आमटी गार व्हायची. भांडणारे दोघेच, मी आणि बाबा. आई म्हणायची, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

बाबांचे नियम कडक. जादू चालणार नाही, चिलखत चालणार नाही, देवांना मध्ये आणायचं नाही. फक्त अंगातली ताकद. माझा हीरो उडता उडता जहाज उचलायचा. "पाय टेकलेले नसताना वजन कसलं उचलतोय गं?" बाबा म्हणत. त्यांचा हीरो जमिनीवरचा, पाय रोवून पूल पेलणारा. भांडुपच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसरा कोण आवडणार!

मुद्दे संपले की पंजा लढवायचा. जेवणाच्या टेबलावर आपापल्या हीरोच्या नावाने कोपरं टेकायची. ज्याचा हात आडवा होईल, त्याचा हीरो हरला. बाबांनी मला मुद्दाम कधीच जिंकू दिलं नाही. मी भोकाड पसरलं तरी नाही. कॉलेजात असताना एकदा खरोखरच जिंकले, तर हा माणूस आठवडाभर धुसफुसत होता.

यंदा त्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. बाबांना आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल बरं. त्यांना एवढ्यात कळू द्यायचं नाही, असं आईने बजावलं, आणि मलाही ते पटलं.

त्या रविवारी ते खुशीत होते. "ये, घेऊन ये तुझ्या उडणाऱ्याला," म्हणत त्यांनी कोपर टेकलं. हात हातात घेतला. नुसती हाडं. मी दात-ओठ खाल्ल्याचं सोंग केलं, थोडं ताणून धरलं आणि हात आडवा होऊ दिला.

"झकास, बाबा! वाट लावलीत माझ्या हीरोची."

ते हसले नाहीत. सरळ जिंकून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं. बाबा चिडले असते, बस. अशक्तपणावर आणखी थोडे दिवस विश्वास ठेवून राहिले असते.

"किती दिवस म्हणाले डॉक्टर?" त्यांनी हळूच विचारलं.

"काहीतरीच काय, बाबा," मी टेबलाकडे बघत म्हटलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आई पोळ्या लाटत होती.

"मला कळलंय हे तिला सांगू नकोस," ते म्हणाले.