पादत्राणे बाहेर काढावीत

बूट घालायला बसलो की ती सकाळ आजही आठवते.

अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला मी परिविक्षाधीन उपनिरीक्षक होतो. खांद्यावरचे तारे नवे, अक्कल त्याहून नवी. काम शिकवायला मला एक मुरलेले हवालदार दिले होते. ते मला 'साहेब' म्हणत, पण मास्तरांनी हजेरी घ्यावी अशा सुरात.

पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते. सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या मालकांचा ठाण्यात फोन आला. रात्रीतून सगळ्या संगणकांतल्या मेमरीच्या पट्ट्या गेल्या होत्या. बोटभर वस्तू, पण त्या काळी भलती महाग. हवालदार पंच शोधायला खाली थांबले आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. दाराशी पाटी होती: 'पादत्राणे बाहेर काढावीत. ही सूचना आपल्यालाही लागू आहे.' गणवेशाला पाट्या लागू नसतात, अशी माझी समजूत. मालकांनी चोरी दिसताच घाबरून मुख्य बटण पाडून ठेवलं होतं, आणि खिडक्यांना काळा कागद. मी अंधारात चाचपडत शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आलो. मग मालकांनी दिवे लावले.

काय सांगू! गालिच्यावर शेवटच्या संगणकापर्यंत गेलेले बुटांचे ठसे, खालच्या बांधकामावरच्या सिमेंटच्या धुळीचे, अगदी नक्षीसकट. मालक म्हणाले, घाबरलो होतो, सकाळी खाली बघायचं सुचलंच नाही. मी पंचनाम्यात ठशांवर पाऊण पान लिहिलं. उशिरा वर आलेल्या हवालदारांनी दाराशी बसून सावकाश बुटाच्या नाड्या सोडल्या, अनवाणी आत आले, ठशांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताजे आहेत हो साहेब. फारच ताजे."

मी ती शाबासकी समजलो.

इमारतीचा वॉचमन विदर्भातला. जिन्याखालच्या खोलीत बायको-मुलीसह राहायचा. पायात खडकीच्या बाजारातून घेतलेले जुने लष्करी बूट. तळ उलटा करून पाहिला, तर तीच नक्षी. बूट जप्त केले, त्याला ठाण्यात आणला. तासभर मी उलटसुलट विचारलं. तो एकच वाक्य धरून बसला होता.

"मले आत जाऊच देत नाहीत साहेब. मी दारातूनच आवाज देतो."

वरिष्ठ निरीक्षकांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. तिकडे मालकांनी त्याच्या बायकोला खोली रिकामी करायला सांगितल्याचं कळलं. ती मुलीला घेऊन ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. आत येत नव्हती, जातही नव्हती.

दुपारी ठाण्याची फरशी पुसली गेली. ओल्या फरशीपलीकडच्या कपाटातून हवालदारांनी मला एक फाइल आणायला सांगितली. हवालदारानं साहेबाला फाइल आणायला सांगावी? पण गेलो. मग त्यांनी वॉचमनला जप्तीतले बूट चढवून त्याच वाटेनं चालवलं, आणि बाकावर पाठवलं. फरशीवर दोन रांगा उमटल्या होत्या.

"यातली चोराची कुठली?" त्यांनी हळूच विचारलं.

दोन्ही रांगांची नक्षी एकच होती. अकादमीच्या बुटांची नक्षी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. आपल्या बुटाचा तळ कोण बघतो?

"पंचनामा तुमच्या हातचा आहे," ते म्हणाले. "मी बोललो तर ती चुगली. तुम्ही बोललात तर तो तपास."

निरीक्षकांच्या दारापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात माझी नोकरी दोनदा गेली, वडिलांना तोंड दाखवायची एकदा तालीमही झाली. फाटकाशी उभी असलेली बाई दिसत नसती, तर मी कदाचित परत फिरलो असतो. आत जाऊन सगळं सांगितलं.

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपण स्वतःचाच माग काढलात. अभिनंदन. आता हे स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि ठाणे दैनंदिनीत नोंद करा."

लिहिताना हवालदार शेजारी बसले. म्हणाले, तुमचे ठसे वजा करा, काय उरतं? काहीच उरत नव्हतं. कुलूप शाबूत, गालिचा स्वच्छ. म्हणजे किल्ली असलेला आणि चपला काढून चोरी करणारा माणूस.

क्लासची किल्ली ज्यांच्या हातातून गेली होती, अशा तिघांना बोलावलं. पहिले दोघे तसेच आत आले. तिसरा, महिन्यापूर्वी नोकरी सोडलेला शिक्षक, ठाण्याच्या उंबऱ्याशी थबकला आणि त्यानं चपला काढल्या. पोलीस ठाण्यात! हवालदारांनी त्याला प्रेमानं बसवलं, चहा दिला, आणि सहज विचारलं, "त्या रात्रीही काढल्या होत्या का हो?"

"काढाव्याच लागतात," तो म्हणाला. "मशीनमध्ये धूळ जाते."

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बिबवेवाडीतल्या त्याच्या खोलीत, पिठाच्या डब्यात, सगळ्या पट्ट्या मिळाल्या. तो जप्ती पंचनामा मी अनवाणी केला.

पुढे तीस वर्षं मी घटनास्थळाच्या दाराशी आधी स्वतःच्या पायांकडे पाहत आलो. पुरावा आपल्याला हवा तसा समोर आला की मला आनंद होत नाही, घाम फुटतो. हे कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. ते एका हवालदारानं फरशी पुसून घेऊन शिकवलं.

वॉचमनचे बूट मी स्वतः त्याच्यासमोर ठेवले. मालकांनाही फोन केला, खोली राहिली. तो वाकून नाड्या बांधत होता. बांधता बांधता त्याची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"साहेब, तुमचेही खडकीचेच का?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी जाणूनबुजून बोललेलं तेवढंच एक खोटं.