नानाच्या टाचण्या

सुशे, ये, अशी जवळ बस, आणि आधी माझी बोलणी खा. जवळ बस म्हणते खरी, पण तू धुळ्याला आणि मी जळगावला, तेव्हा कागदावरच बस. बाप जाऊन महिना होतो न होतो तोच त्याच्या खोलीला रंग द्यायची घाई कुणाला सुटली गं? वर फोनवर मलाच विचारतेस, "आत्या, भिंतीवरचा तो जुनाट नकाशा काढून टाकू ना?" आणि त्याच दमात म्हणतेस, पेपरच्या पुरवणीसाठी नानांवर काहीतरी लिही. बरं, लिहिते. रंगाऱ्याला मात्र हे वाचून होईपर्यंत थांबव.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर पापड उलटत होते. आमचे हे भर दुपारी सायकलचं दुकान सोडून घरी आले. एरवी दिवेलागणीशिवाय येत नाहीत. ग्रीसचे हात तसेच पुढे धरून जिन्यात उभे राहिले आणि म्हणाले, "धुळ्याहून फोन होता… तुझा मुराळी गेला." नाना गेला असं नाही म्हणाले. खानदेशातल्या बाईला आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी, आणि माझा मुराळी म्हणजे माझ्या पाठचा भाऊ, नाना. जळगावात पोलीस हवालदार होता, पण आखाजी आली की खाकी उतरवून, धोतर नेसून, पिशवीत खरबूज घेऊन दारात हजर. "चाल अक्का, झोका बांधेल शे."

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. नानाच्या ठाण्यात एक नवे, तरुण साहेब आले. त्यांचं म्हणणं, गुन्हा झाल्यावर धावण्यापेक्षा तो कुठे होणार हे आधीच ओळखायचं. त्यासाठी गावाचा मोठा नकाशा भिंतीवर लावायचा आणि प्रत्येक फिर्यादीमागे एक टाचणी टोचायची. घरफोडीला लाल, सायकलचोरीला हिरवी, मारामारीला जांभळी. नानाचं अक्षर चांगलं, म्हणून नकाशा त्याने काढला. टाचण्यांची डोकी रंगवायला तुझ्या आईच्या नखपॉलिशच्या बाटल्या पळवल्या. हिरवं पॉलिश कुठून पैदा केलं देव जाणे! आणि खोटं कशाला बोलू, कापसाच्या दिवसांत त्या नकाशाचा उपयोग झाला. जिनिंगबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, गाडीवान जरा पेंगला की मागून कापूस ओढून न्यायचे. टाचण्या एकाच वळणावर दाटलेल्या दिसल्या, साहेबांनी तिथे शिपाई उभे केले, आणि ओढाओढ थांबली. नाना छाती फुगवून सांगत आला.

मला तेव्हाही ते खटकलं होतं. मी म्हटलं, "अरे, टाचण्या दिसतील तिथे तुम्ही जाणार. जाल तिथे काहीबाही सापडणारच, की पुन्हा तिथेच टाचणी. बंगल्यांकडे काय सगळे देव राहतात?" नाल्यापलीकडची वस्ती तर लाल-जांभळ्या ठिपक्यांनी नुसती भरून गेली होती. गणपती जवळ आले की तिथली माणसं आधीच उचलून ठाण्यात आणून बसवायचे. का, तर खबरदारी. नाना म्हणाला, "अक्का, तू भाकरी थाप. हे शास्त्र आहे."

मग हिरव्या टाचण्या दाटल्या, त्या थेट आमच्या दुकानाभोवती. यष्टी स्टँडजवळचं दुकान. खेड्यातली माणसं सायकल यांच्याकडे ठेवून बस धरायची. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं, सायकली इथूनच जातात, दुकानदारच सामील असणार! समोरच्या टपरीवर एक शिपाई येऊन बसला. गिऱ्हाईक त्याला बघूनच पुढे जायचं. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी यांनाही ठाण्याच्या बाकावर नेऊन बसवलं, नाल्यापलीकडच्या माणसांच्या रांगेत. मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बसवलं. पण त्या बाकासमोरून सगळा बाजार जातो, सुशे. आणि माझा भाऊ तिथेच ड्यूटीवर. "हे माझे मेहुणे, मी यांना ओळखतो," एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या आखाजीला तो खरबूज घेऊन आला. मी उंबऱ्यातच विचारलं, "नाना, तुले काय वाटस? हाऊ माणूस चोर शे?"

तो खाली बघत म्हणाला, "अक्का, टाचणी खोटं बोलत नही."

"मंग तुना तोंडले काय व्हयनं?" असं म्हणून मी दार लावलं. त्या वर्षी मी माहेरी गेले नाही.

खरं काय ते असोद्याच्या एका शेतकऱ्याने सांगितलं, आणि तेही कौतुकाने! त्याची सायकल भाजीबाजारातून गेली होती. दुकानात येऊन यांना म्हणतो, "पोलिसानं मले इचारलं, कोठून गेली? मी म्हनलं, तुकाभाऊच्या दुकानाच्या तिकडून. लगेच समजलं बुवा! तुमचं नाव लई मोठं, भाऊ." हे कपाळाला हात लावून बसले. खेड्यातल्या माणसाला गल्लीबोळांची नावं काय ठाऊक? ओळखीचं एक दुकान, तीच त्यांची खूण. सायकल दवाखान्यातून जावो की सिनेमाच्या दारातून, फिर्यादीत तुकाभाऊचं दुकान, आणि नकाशात टाचणी आमच्या डोक्यावर. मी त्या माणसाला चहासुद्धा पाजला नाही. तसाच ठाण्यावर धाडला, "हेच आता आमच्या नानाला सांग."

नानाने ऐकलं. मग सुटीच्या दिवसांत सायकल काढून असोदा, इकडची-तिकडची खेडी पालथी घातली. एकेकाला विचारायचा, नेमकी कुठून गेली, चल दाखव. हिरव्या टाचण्या आमच्यापासून निघून गावभर पांगल्या, काही तर साहेबांच्याच बंगल्याच्या रस्त्यावर गेल्या. टपरीवरचा शिपाई उठला. साहेब मात्र चिडले, छान एका जागी दिसत होतं, आता गस्त कुठे लावू? पुढे नानाची जामनेरला बदली झाली. त्याच रागातून झाली की नियमाने, मला अजून कळलेलं नाही.

आमचा अबोला सुटला, झोकाही बांधला गेला. पण माझ्या मनातली एक शंका काही जाईना. याने हे खऱ्यासाठी केलं, की बहिणीने दार लावलं म्हणून? इतकी वर्षं विचारलं नाही. या संक्रांतीला धुळ्याला आले तेव्हा विचारलंच. तू आत तीळ भाजत होतीस. तो खाटेवर शेंगा फोडत बसला होता, दम लागत होता. साहेब बदलले तेव्हा रद्दीत निघालेला तो नकाशा त्याने जळगावहून मागून आणून समोरच्या भिंतीवर लावलेला. त्याच्याकडेच बघत म्हणाला, "तू दार लावलंस म्हणून सायकलवर बसलो, अक्का. नाल्यापलीकडच्या टाचण्या तशाच राहिल्या… तिथल्या कुठल्या अक्काने माझ्या तोंडावर दार लावलं नाही."

"मग आपणहून जायचं होतंस."

"जायचं होतं," म्हणाला, आणि फोडलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. त्याने खाल्ली नाही एकही.

म्हणून सांगते, तो नकाशा काढू नकोस. नीट बघ, आमच्या दुकानाजवळ नुसती बारीक भोकं आहेत, आणि नाल्यापलीकडे टाचण्या अजून रुतलेल्या, गंजून कागदाला तांबडे डाग पडलेत. तुझा बाप रोज उठून काय बघत होता, ते त्या डागांत आहे. रंग द्यायचाच तर नकाशाच्या कडेकडेने दे.

आणि आखाजी आता तोंडावर आली. मला न्यायला कोण येणार गं? तूच ये. खरबूज नको आणूस, रिकाम्या हाताने ये, पण लवकर ये. दार मी उघडंच ठेवते.